आवाज कोणाचा? एका फसलेल्या वृकमानवपटाचा इतिहास

१/
१९८४ साली स्पेनमध्ये एक स्वस्तातला भयपट तयार झाला. नायकाच्या भूमिकेत एक जगप्रसिद्ध अमेरिकन रॉक गायक होता. चित्रपट प्रेक्षकांपुढे आला तेव्हा पडद्यावर ओठ त्याचे हलत होते, पण संवाद दुसऱ्याच माणसाच्या आवाजात ऐकू येत होते. ज्याचे सारे भांडवल त्याचा गळा, त्याला घ्यायचे आणि त्याचाच आवाज वगळायचा, हे कसे घडले? या साध्या प्रश्नाचा माग काढला तर वाट मुसोलिनीच्या रोममधून, फ्रँकोच्या माद्रिदमधून आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका खुनाच्या खटल्यातून जाते. आजचा धागा त्या वाटेचा.

२/
चित्रपटाचे नाव 'मॉन्स्टर डॉग'. स्पॅनिश नाव 'लेवियातान'. दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागासो हा इटालियन. पण श्रेयनामावलीत त्याच्या जागी 'क्लाइड अँडरसन' असे इंग्रजी नाव झळकते. निर्माता कार्लोस आउरेद हा स्पॅनिश. नायिका बिक्तोरिया बेरा हीही स्पॅनिश. नायक अ‍ॅलिस कूपर हा अमेरिकन. चित्रपटाची भाषा मात्र इंग्रजी. एवढ्या चार ओळींतच या कथेचे निम्मे कोडे दडलेले आहे. आउरेदचे नाव तेवढे ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा येईल.

३/
कथानक थोडक्यात असे. व्हिन्सेंट रेव्हन हा नामांकित रॉक गायक आपल्या बँडमधील सहकाऱ्यांसह बालपणीच्या घरी निघाला आहे. एका गाण्याचा व्हिडिओ त्या जुन्या वाड्यात चित्रित करायचा आहे. वाटेत शेरीफ गाडी थांबवतो आणि बजावतो, की या भागात रानटी कुत्र्यांनी माणसे मारली आहेत. वाड्यावर पोहोचावे तर दिवे लागलेले, जेवण तयार, पण राखणदार बेपत्ता. त्या रात्री बँडमधल्या एका तरुणीला स्वप्न पडते : सगळे मेलेले आहेत आणि व्हिन्सेंटचे श्वापद झाले आहे.

४/
मग व्हिन्सेंट प्रेयसीला आपले गुपित सांगतो. त्याच्या वडिलांना कसलासा आजार होता. गावकऱ्यांनी ठरवले, की हा वृकमानव आहे, माणसाचा लांडगा होणारा. आणि जमावाने त्यांना ठार केले. आता बंदुका घेतलेले गावकरी मुलाचाही जीव घ्यायला येतात, कारण त्यांच्या मते शाप रक्तातून उतरतो. शेवटी शाप खरा ठरतो. व्हिन्सेंटचे रूपांतर होते आणि प्रेयसीलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

५/
आडपडदा न ठेवता सांगायचे तर चित्रपट चांगला नाही. धूर आणि निळा प्रकाश यांच्या जोरावर तासभर निघतो. ज्याच्या नावाने चित्रपट आहे ते श्वापद बहुतांश वेळ एका बाहुलीच्या मुंडक्यापुरतेच दिसते. याच दिग्दर्शकाने पुढे 'ट्रोल २' (१९९०) काढला आणि जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या याद्यांत त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो पाहावा, असे मला वाटते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली ती त्यांतल्या गद्याच्या सौंदर्यासाठी नव्हे. साधनाची किंमत त्याच्या कलागुणांवर ठरत नाही. ते काय नकळत बोलून जाते, यावर ठरते.

६/
आधी नायक. व्हिन्सेंट डेमन फर्निअर, जन्म १९४८, डेट्रॉइट. 'अ‍ॅलिस कूपर' हे मुळात एका माणसाचे नाव नव्हतेच. ते त्याच्या बँडचे नाव होते. गिलोटिन, फाशीचा दोर, जिवंत साप आणि काजळाने रंगवलेले डोळे अशा रंगमंचीय भयनाट्यावर हा बँड गाजला. 'स्कूल्स आउट' हे गाणे १९७२ चे. १९७३ चा 'बिलियन डॉलर बेबीज' अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर होता. पुढे बँड फुटला. नाव गायकाने ठेवून घेतले, कायदेशीरपणे स्वतःला लावले, आणि बँडचे नाव एका माणसाचे झाले.

७/
१९८० नंतर उतरण लागली. दारूने त्याला पुरते पोखरले होते. १९८१ ते १९८३ या काळात त्याचे तीन अल्बम निघाले आणि ते करतानाचे आपल्याला काही आठवत नाही, असे त्यानेच पुढे सांगितले. १९८३ च्या अखेरीस त्याने दारू सोडली. हातात नवा अल्बम नव्हता, दौरा नव्हता. अशा वेळी स्पेनमधला हा चित्रपट आला. म्हणजे पडद्यावर दिसणारा माणूस नुकताच शुद्धीवर आलेला, आणि आपण अजून काम करू शकतो का हे चाचपून पाहणारा आहे.

८/
चित्रपटातल्या पात्राचे नाव पुन्हा पाहा : व्हिन्सेंट. म्हणजे अ‍ॅलिस कूपरचे टाकून दिलेले जन्मनाव. चित्रपटाच्या सुरुवातीलाच जे गाणे येते, त्याचा विषय ओळख हरवणे हाच आहे. गायक त्यात एकामागून एक वेगवेगळी सोंगे घेतो. नावाच्या आत नाव, सोंगाच्या आत सोंग. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे संवादांतला आवाज टेड रुसॉफ या कलावंताचा आहे. रोममध्ये राहून शेकडो युरोपीय चित्रपटांना इंग्रजी आवाज देणाऱ्या मंडळींपैकी तो एक.

९/
गाणी मात्र कूपरनेच गायली आहेत. त्यामुळे चित्रपट पाहताना एक चमत्कारिक अनुभव येतो : हा माणूस गातो तेव्हा तो स्वतः असतो, बोलतो तेव्हा कोणी दुसराच. आपल्याकडच्या प्रेक्षकाला यातली मौज चटकन कळेल. आपल्या चित्रपटांत नायक बोलतो स्वतःच्या आवाजात आणि गाणे सुरू झाले की गळा पार्श्वगायकाचा होतो. 'मॉन्स्टर डॉग'मध्ये नेमके उलटे आहे. पार्श्वगायनाची आपल्याला सवय आहे म्हणून ते खटकत नाही. मग प्रश्न असा : बोलण्याचा आवाज बदलण्याची ही सवय तिकडे कोणाला आणि कशी लागली?

१०/
उत्तराचा पहिला टप्पा : रोम, १९३०. चित्रपट नुकतेच बोलू लागले होते. त्या वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने परकीय भाषेतील संवाद असलेल्या चित्रपटांवर बंदी घातली. कारण राष्ट्रवादी होते. इटलीत बोलीभाषांचे वैविध्य प्रचंड. राजवटीला एकच प्रमाण इटालियन भाषा हवी होती, आणि परक्या भाषेचे वारे नको होते. परिणामी डबिंगचा एक अख्खा उद्योग उभा राहिला : ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, भाषांतरकार, ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवणारे कारागीर आणि आवाज देणारे नट.

११/
राजवट कोसळली, उद्योग टिकला. युद्धोत्तर इटलीत तर स्वतःचे चित्रपटही मूकपटासारखे चित्रित करून आवाज मागाहून भरण्याची पद्धत रूढ झाली. संचावर प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोले. एक इटालियनमध्ये विचारी, दुसरा इंग्रजीत उत्तर देई. सगळ्यांची तोंडे शेवटी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एका भाषेत आणली जात. ज्या इटालियन 'वेस्टर्न' चित्रपटांवर आपल्यातले कित्येक जण फिदा आहेत, ते याच पद्धतीने तयार झाले. फ्रागासो याच कारखान्यात घडला.

१२/
दुसरा टप्पा : माद्रिद, १९४१. यादवी युद्ध जिंकून फ्रँको सत्तेवर आला, त्याला दोनच वर्षे झाली होती. २३ एप्रिल १९४१ च्या आदेशाने प्रत्येक परदेशी चित्रपटाचे स्पॅनिशमध्ये डबिंग सक्तीचे झाले. सक्ती पाच-सहा वर्षांत मागे घेतली गेली. पण तोवर प्रेक्षकांचे कान तयार झाले होते आणि सेन्सॉरच्या हाती एक अमोघ साधन आले होते. दृश्य कापले तर प्रेक्षकाला धक्का जाणवतो. संवाद बदलला तर काहीच कळत नाही.

१३/
याचे अभिजात उदाहरण 'मोगॅम्बो' (१९५३). मूळ चित्रपटात ग्रेस केलीचे पात्र विवाहित आहे आणि ती क्लार्क गेबलच्या पात्राच्या प्रेमात पडते. पडद्यावर व्यभिचार नको, म्हणून स्पॅनिश डबिंगमध्ये त्या नवरा-बायकोला बहीण-भाऊ करून टाकले. संवाद बदलले, चित्र मात्र तेच राहिले. त्यामुळे प्रेक्षकांना दिसले काय, तर बहीण-भावांमधली न पटणारी जवळीक! व्यभिचार झाकायला गेले आणि त्याहून मोठा निषिद्ध प्रकार पडद्यावर आणून बसवला. आवाज आणि देह यांची ताटातूट केली की सत्तेचेही असे हसे होते.

१४/
आता वृकमानवाकडे वळू. चंद्रप्रकाशात लांडगा होणारा माणूस ही युरोपची जुनी लोककल्पना. पण आज तिचे जे रूप आपल्याला ठाऊक आहे ते बव्हंशी हॉलिवूडने घडवले. १२ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरनंतर पाचच दिवसांनी, 'द वुल्फ मॅन' प्रदर्शित झाला. लेखक कर्ट सिओडमाक हा नाझींचे राज्य येताच जर्मनी सोडून गेलेला ज्यू. त्याच्या कथेत वृकमानवाला पुढच्या बळीच्या तळहातावर एक तारा दिसतो. काल शेजारी असलेली माणसे आज श्वापद होताना ज्याने पाहिली, त्याची ही कथा आहे, असे अनेक समीक्षक म्हणतात.

१५/
याच मालिकेतला १९४३ चा पुढचा चित्रपट माद्रिदमधल्या हासिन्तो मोलिना नावाच्या मुलाने पाहिला आणि तो झपाटला गेला. मोठा होऊन तो भारोत्तोलक झाला. पण वृकमानव काही डोक्यातून गेला नाही. १९६८ साली त्याने स्वतः पटकथा लिहिली, मुख्य भूमिका केली आणि 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' हा चित्रपट आला. भागीदार जर्मन होते आणि त्यांना परदेशी वाटणारे नाव हवे होते. म्हणून हासिन्तो मोलिनाचा 'पॉल नाशी' झाला. आज स्पॅनिश भयपटाचा जनक म्हणून हेच नाव घेतले जाते.

१६/
नाव बदलून भागले नाही. पटकथेत वृकमानव स्पॅनिश होता. सेन्सॉरने हरकत घेतली : स्पेनमध्ये वृकमानव असू शकत नाहीत. कॅथलिक, शिस्तबद्ध, सुखी स्पेनचा नागरिक श्वापद कसा होईल? मग नाशीने नायकाला पोलंडचा केला : वाल्देमार दानिन्स्की. पुढची जवळजवळ चार दशके हा पोलिश सरदार स्पॅनिश पडद्यावर गुरगुरत राहिला. इतकेच नव्हे, तर नाशीच्या कित्येक चित्रपटांत त्याचा बोलण्याचा आवाजही दुसऱ्या नटाचा आहे. नाव परके, नागरिकत्व परके, आवाज परका. स्वतःची उरली ती फक्त गुरगुर.

१७/
आता सेन्सॉरच्या त्या हरकतीला इतिहासाने दिलेले उत्तर ऐका. स्पेनमध्ये वृकमानव असू शकत नाहीत? स्पेनच्या न्यायालयात वृकमानवावर रीतसर खटला चालला होता! मान्युएल ब्लांको रोमासांता हा गॅलिसियातला फिरता विक्रेता. १८५२ मध्ये तो पकडला गेला. त्याने १३ खून कबूल केले आणि सांगितले, की शापामुळे आपला लांडगा होतो आणि त्या अवस्थेत आपण माणसे मारतो. खटला आयारिस गावी चालला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा वेडा नाही, शापितही नाही. हा ढोंगी आहे. १८५३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

१८/
मात्र शिक्षा अमलात आली नाही. संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या एका परदेशी गृहस्थाने पत्र लिहून हा मनोविकार असू शकतो, असे सुचवले आणि राणी इसाबेल दुसरी हिने मृत्युदंड कमी करून जन्मठेप दिली. म्हणजे १८५३ च्या स्पेनचे न्यायाधीश, डॉक्टर आणि राणी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करत होते, की माणूस स्वतःला लांडगा का समजतो. आणि ११५ वर्षांनंतरचा सेन्सॉर म्हणत होता, की आपल्याकडे असा माणूसच नाही. राजवटी माणसांना गप्प करतात हे आपण वाचतो. त्या स्वतःच्या देशाचे अभिलेखही विसरायला लावतात, याचे हे छोटेसे उदाहरण.

१९/
१९७० साली पेद्रो ओलेआ या दिग्दर्शकाने रोमासांताच्या कथेवर बेतलेला 'एल बोस्के देल लोबो' काढला. त्यातला माणूस गॅलिसियातलाच आहे, पण पडद्यावर लांडगा होत नाही. तो अपस्माराने पछाडलेला, अंधश्रद्धेने घेरलेला एक दुबळा जीव आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की सेन्सॉरच्या काळातली मर्यादा स्पष्ट दिसते. पडद्यावरचा वृकमानव परदेशी तरी असावा, नाहीतर तो वृकमानव तरी नसावा. परदेशी नावाची वाट बाजाराला सोयीची होती. भयपटवाल्यांनी तीच धरली.

२०/
१९७१ च्या 'ला नोचे दे वाल्पुर्गिस'ने गल्ला भरला आणि स्पेनमध्ये भयपटांची लाट आली. पैसा थोडा, चित्रीकरण काही आठवड्यांचे, बाजार परदेशी. देशात दाखवायची सोज्वळ प्रत वेगळी आणि निर्यातीची धीट प्रत वेगळी, असाही उद्योग चाले. १९७३ चा 'एल रेतोर्नो दे वाल्पुर्गिस' हा याच मालिकेतला वृकमानवपट. त्याचा दिग्दर्शक कोण? कार्लोस आउरेद. तोच, जो अकरा वर्षांनी 'मॉन्स्टर डॉग'चा निर्माता म्हणून दिसतो. आपले दोन रस्ते इथे एकत्र येतात.

२१/
परदेशी बाजार काय करी, तेही पाहा. नाशीचा १९६८ चा चित्रपट अमेरिकेत 'फ्रँकेन्स्टाइन्स ब्लडी टेरर' या नावाने लागला. चित्रपटात फ्रँकेन्स्टाइन नाहीच! वितरकाने चित्रपटगृहांना फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट देण्याचे कबूल केले होते आणि हाताशी हाच होता. म्हणून सुरुवातीला एक तुकडा जोडला : फ्रँकेन्स्टाइन घराण्याला लांडग्याचा शाप लागला आणि ते 'वुल्फस्टाइन' झाले. स्पॅनिश माणसाचा सेन्सॉरने पोलिश केला होता. वितरकाने त्याला आणखी एक खोटी वंशावळ बहाल केली.

२२/
२० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको गेला. १९७७ मध्ये चित्रपटांवरील सेन्सॉरशिप रद्द झाली. आता स्पॅनिश वृकमानव स्पॅनिश नावाने गुरगुरू शकेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात झाले वेगळे. स्वातंत्र्याबरोबर बाजार खुला झाला. प्रेक्षकांना हवे ते सगळे उघडपणे मिळू लागले. भयपटाच्या आडून पाहायची गरज उरली नाही. त्यातच हॉलिवूडने पातळी उंचावून ठेवली. १९८१ च्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मधल्या रूपांतराच्या दृश्यांसाठी रिक बेकरला रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. त्याच्यापुढे बाहुलीचे मुंडके किती टिकणार?

२३/
मग आला डिसेंबर १९८३ चा शासकीय आदेश. चित्रपट खात्याची प्रमुख पिलार मिरो ही स्वतः दिग्दर्शक. तिच्या 'एल क्रिमेन दे कुएंका'मध्ये पोलिसी छळाचे चित्रण होते म्हणून लोकशाही आल्यानंतरही लष्करी न्यायव्यवस्थेने तो अडकवून ठेवला होता. सेन्सॉरशिपचा घाव तिने स्वतः सोसला होता. तिने ठरवले, की सरकारने दर्जेदार चित्रपटांना खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम आगाऊ द्यावी. हेतू उदात्त होता आणि त्यातून उत्तम चित्रपट निघालेही. पण 'दर्जेदार' म्हणजे काय, हे समिती ठरवणार होती, आणि वृकमानव त्या व्याख्येत बसत नव्हता.

२४/
यात खलनायक शोधू नये. निर्णय एका प्रामाणिक व्यक्तीचा होता. तरी त्याचा परिणाम नोंदवलाच पाहिजे : स्वस्त, झटपट चित्रपटांचा धंदा काही वर्षांत आटला. नाशीने १९८३ मध्ये दानिन्स्कीला थेट जपानला नेले. 'ला बेस्तिया इ ला एस्पादा माखिका' ही जपानबरोबरची सहनिर्मिती होती. आउरेदसारख्यांपुढे पर्याय उरला तो परदेशी पैसा, परदेशी तारा आणि परदेशी भाषा यांचा. त्या धंद्यात वर्षानुवर्षे राबलेली तंत्रज्ञ मंडळी होती, माद्रिदच्या आसपासची चित्रीकरणाची स्थळे होती, डबिंगची सवय होती. फक्त त्यांना स्वतःच्या देशाची कथा सांगण्याचे कारण उरले नव्हते.

२५/
आणि बाजाराला काय हवे होते? १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले होते. डिसेंबर १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आला. दिग्दर्शन 'अमेरिकन वेअरवुल्फ'वाल्या जॉन लँडिसचे, रंगभूषा त्याच रिक बेकरची. आणि सुरुवातीलाच पौर्णिमेच्या चंद्राखाली गायकाचे श्वापद होते. घरोघरी व्हिडिओ यंत्रे पोहोचत होती आणि भाड्याच्या दुकानांना कॅसेटची न संपणारी भूक होती. त्याच सुमारास गाण्याचा व्हिडिओ चित्रित करायला निघालेल्या आणि श्वापद झालेल्या रॉक गायकाची गोष्ट स्पेनमध्ये आकार घेत होती.

२६/
आता 'मॉन्स्टर डॉग' पुन्हा पाहा. भूमी स्पेनची, पण रस्त्यावर उभा आहे तो अमेरिकन शेरीफ. गावकऱ्यांचे चेहरे स्पॅनिश, बोलणे अमेरिकन. दिग्दर्शकाने इटालियन नाव लपवले आहे. आणि जो एकमेव खरा अमेरिकन आहे, तो अमेरिकन इंग्रजी बोलतो तेही उसन्या तोंडाने! १९६८ मध्ये स्पॅनिश वृकमानवाला परदेशी केले ते राज्यसत्तेने. १९८४ मध्ये त्याचे गाव, भाषा, लोक, सगळेच परदेशी झाले. आणि या वेळी कोणी आदेश काढला नव्हता.

२७/
कोणी म्हणेल, डबिंग केले ते स्वस्त पडते म्हणून. त्यात एवढा इतिहास कशाला? आक्षेप योग्य आहे. संचावर निर्दोष ध्वनी घ्यायचा तर शांतता हवी, चांगली यंत्रे हवीत, सगळ्यांची भाषा एक हवी. भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या आणि अनेकभाषिक नटांच्या संचावर हे अवघडच. पण 'स्वस्त' हा शब्दही इतिहासातून येतो. ५० वर्षे सरकारी आदेशांनी आणि मग सवयीने डबिंगच्या खोल्या, कारागीर आणि प्रेक्षकांचे कान घडवले, म्हणून ते स्वस्त पडत होते. ज्या देशात अशी परंपरा नव्हती, तिथे रॉक गायकाचा आवाज काढून टाकणे कोणाला सुचलेही नसते.

२८/
दोन्हींना एकाच मापाने मोजू नये, हेही सांगितले पाहिजे. फ्रँकोचा सेन्सॉर नाही म्हणाला की लेखकाची वाट संपत असे. बाजार नाही म्हणाला तर निदान दुसऱ्या दाराशी जाता येते. नाशी जपानला गेलाच. अपात्र ठरण्यात आणि निषिद्ध ठरण्यात फरक आहे. पण एक साम्य नजरेआड करता येत नाही. हुकूमशाही संपल्यावरही तिने उभी केलेली यंत्रे चालू राहतात, नव्या धन्यासाठी. आदेशाचा कागद रद्द करता येतो; आदेशाने पडलेले वळण नव्हे.

२९/
पुढे काय झाले? अ‍ॅलिस कूपर सावरला. १९८६ मध्ये 'कन्स्ट्रिक्टर' आला, १९८९ च्या 'ट्रॅश'ने त्याला पुन्हा शिखरावर नेले, आणि दारू त्याने परत घेतली नाही. 'मॉन्स्टर डॉग'मधली त्याची दोन गाणी बरीच वर्षे फक्त त्या कॅसेटमध्येच अडकून होती. १९९९ मध्ये त्याच्या समग्र संचात ती प्रथमच अल्बमवर आली. पॉल नाशीला २००१ मध्ये स्पेनने ललितकलांसाठीचे सुवर्णपदक दिले आणि ते राजाच्या हस्ते स्वीकारले ते हासिन्तो मोलिनाने. स्पेनमध्ये वृकमानव असू शकतो, हे स्पेनने अखेर मान्य केले म्हणायचे.

३०/
हा चित्रपट कधी मिळाला तर एक प्रयोग करा. कूपर बोलतो ते एखादे दृश्य आधी डोळे मिटून ऐका, मग आवाज बंद करून फक्त पाहा. ऐकताना भेटेल तो रोममधल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभा राहून कागद वाचणारा पोटार्थी कलावंत. पाहताना भेटेल तो दारूतून नुकताच बाहेर आलेला, ३६ वर्षांचा थकलेला गायक. मग गाणे लागू द्या. तिथे दोघांतला एकच उरतो आणि तो खरा असतो.

३१/
आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. कोणते नाव खरे, कोणते घेतलेले, कोणाचे नाव गाळले आहे, हे टिपून ठेवा. वाईट चित्रपटातही तेवढी पाटी प्रामाणिक असते. ती कधी खोटे बोललीच, तर ते खोटेच आपले साधन. पुढच्या धाग्यात रोमासांताच्या खटल्याकडे सविस्तर वळू. तोवर तुमच्या पाहण्यातला असा एखादा चित्रपट असेल, ज्यात चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा आहे आणि त्यामागे नुसती तांत्रिक सोय नाही, तर खाली जरूर लिहा.